गोदूबाईची धक्क्यावरची जागा

वालाचं बिरडं सोलायला घेतलं होतं. निम्मे दाणे सोलून ताटात, निम्मे अजून पाण्यात. तेवढ्यात शेजारची अंबूबाई ओटीवर येऊन सांगून गेली की गोदूबाई आज धक्क्यावर आली होती, पण बसली नाही; टोपली डोक्यावरून न उतरवताच परत गेली. मी हात पदराला पुसले. उठावंसं वाटेना. ती का परत गेली ते मला कुणी सांगायला नको होतं.

गोदूबाई आमच्या गावात सुकी मासळी विकते. धक्का म्हणजे पाताळगंगेच्या काठचा जुना दगडी उतार. पूर्वी भरतीचं पाणी इथवर चढायचं, मचवे लागायचे, मीठ उतरायचं आणि भात भरून जायचं. तिचा नवरा सखा त्या मचव्यांवर माल चढवायला असे. पुढे नदीत गाळ भरला, सडक झाली, ट्रक आले आणि मचवे यायचे बंद झाले. सखा माथेरानला हातरिक्षा ओढायला गेला आणि तिथेच चढावर छातीत कळ येऊन गेला. गोदूबाई तेव्हा तिशीचीही नव्हती. दिवस झाले तशी तिने टोपली घेतली.

पहिल्या एसटीने पनवेल गाठायचं, बोंबील, सुकट, करंदी घ्यायची, आणि परत येताना कंडक्टरची बोलणी ऐकत टोपली मागच्या बाकाखाली सारायची. एकदा एका कंडक्टरने तिला वासाच्या नावाखाली खाली उतरायला सांगितलं. ही म्हणाली, "वासाचं बी तिकीट फाड, मंग तर बसू देशील ना रं?" सगळी गाडी हसली, तोही हसला आणि पुढे तिची टोपली स्वतःच आत घेऊ लागला. अशी ती. बाळंतिणीच्या घरी सुकट मागितली तर मूठभर जास्त घालायची. सोमवारी उपास धरायची आणि उपाशीपोटीच मासळी विकायची. धक्क्यावर मचव्याचा दोर बांधायचा एक दगडी खुंट आहे, त्याला पाठ टेकून तिची जागा. ऊन असो, थंडी असो, श्रावण सोडला तर दुसरीकडे बसत नसे. सख्याने तिथेच दोर बांधले होते.

वरच्या अंगाला कारखाने आले तसं पंचायतीने धक्का पुन्हा जागता करायचं मनावर घेतलं. गाळ काढायचा, पायऱ्या नव्या बांधायच्या, वर ओळीने पक्के गाळे, एक चहाचं हॉटेल, रविवारचा बाजार, आणि कारखान्याच्या लोकांना फिरायला होडी. पुन्हा बंदर होणार म्हणून गाव हरखून गेलं. गाळे आधी कुणाला, तर जे आज तिथे बसून विकतात त्यांना. ग्रामसेवक स्वतः येऊन प्रत्येकाच्या मागच्या दगडावर गेरूने आकडा घालणार होता.

ही मोजणी झाली यंदा, म्हणजे शहात्तर सालच्या श्रावणात.

धक्क्याच्या वर महादेवाचं देऊळ आहे. श्रावणात आम्ही बायका नदीवर पाय धुऊन ओल्या पायांनी वर चढतो. दरवर्षी गोदूबाई तेवढा महिना लांब करंजाच्या झाडाखाली जाऊन बसायची. गिऱ्हाईक कमीच, पण ज्यांना श्रावण पाळता येत नाही त्यांच्यापुरती मासळी खपायची. यंदा भजनाच्या बायकांत निघालं की तिथूनही वास येतो. तिला सांगायचं कुणी? ती माझं ऐकते म्हणून मला पुढे केलं आणि मी गेले. म्हटलं, गोदूबाई, देवाची वाट आहे, यंदा महिनाभर बसूच नका.

"वैनी, सोमवार मी बी धरते," एवढंच ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बरं. नाय बसत."

महिनाभर ती लोकांच्या भातात तण काढायला, बेणणीला गेली. मी तिच्याकडे पायलीभर तांदूळ पाठवले आणि आपण पुण्य केलं असं मला वाटलं.

खुंटाजवळची जागा रिकामी राहिली. दर्शनाला येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून तिथे मी आमच्या दुकानातले नारळ, बेल, वाती, कापूर घेऊन बसू लागले. दुसऱ्या सोमवारी ग्रामसेवक आला. खुंटावर चाराचा आकडा घातला आणि माझं नाव विचारलं. ही जागा गोदूबाईची, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी नाव सांगितलं आणि त्याच्यापुढे राजगिऱ्याचा लाडू केला.

गणपती गेल्यावर आज ती आली आणि तिने तो आकडा बघितला.

जेवताना मी यांच्याजवळ विषय काढला. यांचं म्हणणं असं की आपण काही मागायला गेलो नव्हतो. आणि पक्क्या गाळ्यात सुकी मासळी ठेवली तर शेजारचे राहतील का? मुलाला तिथे वह्या-पुस्तकांचं दुकान घालून द्यायचं यांच्या मनात पक्कं बसलं आहे. मी म्हटलं, नाव माझं आहे. हे पानावरून उठले. "सही तुझी लागते, माझी नाही. पण पोराच्या तोंडचं काढतेस, एवढं ध्यानात ठेव."

दुपारी गोदूबाईकडे गेले. अंगणात चादरीवर सुकट पसरून ती खडे-काडी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, लाडवाचंसुद्धा. तिचा हात चालूच होता.

"नारलाला वास नाय वैनी, म्हनून त्याला गाला मिलाला," ती म्हणाली आणि आपणच हसली. मला हसू आलं नाही. डोळ्याला पदर लावला, तेव्हा मात्र तिने हात थांबवला.

"हितं रडून काय व्हनार? मी तुमाला राग नाय धरत. पर तुमी माफी मागितली, म्हनून टोपली ठेवाया जागा झाली का माजी?"

मी म्हटलं, तुमचं नाव घालायला लावते, पण आजूबाजूचे वासावरून कटकट करतील. त्यावर ती मान खाली घालून पुन्हा निवडू लागली. "त्यांचं मी बगते. बसमधल्यांचं बगितलंच हाय. तुमी तुमचं बगा."

घरी आले, देवापुढे बसले. हात जोडले, पण मागायला तोंड उरलं नव्हतं. श्रावणभर त्याच्याच नावाने मी एका बाईला उठवलं होतं आणि तिच्या दगडाला पाठ लावून त्याचेच नारळ विकले होते. आता त्यालाच कसं सांगू की यातून मला सोडव.

नावं उद्या खालापूरला तहसिलीत जायची आहेत. ग्रामसेवक दिवेलागणीपर्यंत चावडीत असतो. तिथे भिवाजी सरपंच असतील, गावातले आणखी चारजण असतील. नाव काढा एवढं सांगून भागणार नाही, का काढा हे विचारतील. गोदूबाई का बसली नव्हती, तिला कुणी उठवलं, हे सगळ्यांसमोर मलाच म्हणावं लागेल. भजनाच्या बायका उद्यापासून माझ्याशी कशा वागतील माहीत नाही. मुलगा तर बोलायचा नाहीच.

आता उठते. चावडीत जाऊन चार नंबरवरचं माझं नाव काढायला आणि तिथे गोदूबाईचं घालायला सांगायचं आहे.