बाबांचा उजवा पाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती विचारते, बाबांचा विषय निघाला की तुम्ही गप्प का होता? मी म्हणतो, आठवण येते. ते खोटं नाही — पण पुरतं खरंही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

बाबा हैदराबादेत जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. आमचं घर चिक्कडपल्लीत. एक जुनी सेकंडहँड मोटार त्यांनी हौसेनं घेतली होती आणि ती ते पोटच्या पोरासारखी सांभाळायचे. मला बॉनेटपाशी उभं करून शिकवायचे — इंजिन बंद कर, थंड होऊ दे, तेल मापायची पट्टी काढ, पूस, परत बुडव, मग तेल बघ. घाई नाही करायची. हे त्यांनी मला पाढ्यांसारखं पाठ करायला लावलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. काठी घेऊन चालायला लागले, पण डावा पाय बधिर तो बधिरच. त्या पायानं क्लच दाबणार कसा? मोटार विकली. चार लोकांत ते हसायचे, बोलायचे. पण गल्लीत कुणाची गाडी सुरू झाली की बोलणं मध्येच तुटायचं.

आणि मग दादा आला. माझा थोरला भाऊ नैरोबीला रस्ते बांधायच्या कामावर होता. देशाची दारं नुकती उघडली होती, घरोघर केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, इथेच बऱ्या नोकऱ्या मिळायला लागल्या होत्या. तो कायमचा परतला आणि येताना आपली जपानी गाडी घेऊन आला. चारही चाकांना जोर देणारी, उंच, आणि — ऑटोमॅटिक. क्लच नाहीच. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाचे. दादाला नोकरी बंगलोरला मिळाली, तिथं गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून गाडी आमच्याकडे राहिली.

बाबा पहिल्यांदा त्या सीटवर बसले तेव्हा काठी त्यांनी माझ्या हातात दिली. त्या काठीचा मला झालेला आनंद कसा सांगू?

ते दिवस मला हवे आहेत. अजून हवे आहेत. संध्याकाळी बाबा गाडी काढायचे, मी शेजारी. विद्यानगरवरून विद्यापीठाच्या झाडांखालच्या रस्त्यानं, खिडक्या उघड्या. गिअरच्या बाजूला चारही चाकांना जोर द्यायचा एक छोटा दांडा होता. हैदराबादेत त्याचं काय काम? पण एकदा पावसानं चिखल झालेल्या मोकळ्या प्लॉटात त्यांनी मुद्दाम गाडी घातली, दांडा ओढला आणि गाडी डुलत डुलत बाहेर आली. बाबा लहान मुलासारखे हसले. "पाय बघ माझा," म्हणाले, "याला काही शिकवावं लागत नाही." त्या हसण्यासाठी मी आज काय देणार नाही?

दिवाळी जवळ आली. उदगीरजवळच्या गावात माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. भाऊबीजेला तिच्याकडे जायचं हा बाबांचा नेम झटक्यानंतर मोडला होता. भाड्याच्या गाडीत सामानासारखं बसून नाही येणार, म्हणायचे. त्या वर्षी त्यांनी आत्याला निरोप पाठवला — मी येतोय, मीच गाडी चालवत येतोय.

दादानं बंगलोरहून बजावलं, गिअरबॉक्सचं तेल जुनं झालंय, लांबच्या प्रवासाआधी बदला. तांबड्या तेलाचे डबे त्यानं गाडीतच ठेवले होते. गॅरेजमध्ये दे, म्हणाला. मी म्हटलं, कशाला? मी करतो. घरात कमावता हुशार मुलगा तो, मी बँकेतला साधा कारकून. एखादी गोष्ट मलाही येते हे बाबांना दिसावं असं मला फार वाटत होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा — ही म्हण बाबांचीच.

गाडीखाली आडवा होऊन मी तेल सोडलं. काळंकुट्ट, जळल्या वासाचं. मग नवं भरलं. इंजिन बंद, गाडी थंड, पट्टी काढली, पुसली, बुडवली, पाहिली — जसं शिकलो होतो तसं. पट्टी भरलेली दिसली. एक डबा तेल उरलं. बाबा पायरीवर बसून पाहत होते. "शाबास," म्हणाले. बाबा शाबास म्हणत नसत कधी.

भाऊबीजेच्या सकाळी निघालो. झहीराबादच्या अलीकडे चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडी पुढे जाईना. बाबा हलकेच पाय दाबत होते, सोडत होते, परत दाबत होते. जळका वास आला. मग गाडी हललीच नाही. एका लॉरीनं ओढून आम्हाला परत आणलं. ओवाळणीचं पातळ बाबांच्या मांडीवर तसंच होतं.

मेकॅनिक घरी येऊन बघून गेला. "अंदर के प्लेटां जल गए साब. ये मशीन इदर कोई नै खोलता." तो गेल्यावर मी एकट्यानं गिअरबॉक्सची पट्टी ओढली. तिच्यावर बारीक अक्षरं कोरलेली होती. इतक्या वेळा फडक्यानं पुसली, वाचली एकदाही नव्हती. तेल पाहायचं ते इंजिन चालू ठेवून, गाडी गरम असताना. मी इंजिन सुरू केलं आणि परत बुडवली. पट्टी जवळजवळ कोरडी आली. इंजिन बंद असताना तेल खाली उतरून बसतं, पट्टी भरलेली दिसते; इंजिन चालू झालं की ते वर खेचलं जातं. मी गाडी अर्धपोटी चढावर पाठवली होती.

ही चूक होती. चूक मी सांगितली असती — असं मी स्वतःला पुष्कळदा सांगतो. पण त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. बाबा माझ्या शेजारीच खुर्चीत. दादानं सरळ विचारलं, "तेल इंजिन चालू ठेवून पाहिलं होतंस ना?"

मी म्हटलं, "हो."

मग दादा म्हणाला, तर मग बाबांनी एका वेळी दोन्ही दाबले असणार, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर; त्यानंही गिअरबॉक्स जळतो. बधिर पाय मध्ये आला असेल, त्यांना कळलंही नसेल. तो मोठ्यानं बोलायचा, बाबांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढून फोनपाशी ठेवली.

मी काय केलं? मी ती किल्ली उचलून कपाटात ठेवली.

गाडी भंगाराच्या भावात गेली. काही दिवसांनी बाबांना जिन्याखाली तो उरलेला डबा सापडला. हा उरला कसा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दादानं जास्तीचा आणला होता. तेल वाया कशाला घालवायचं म्हणून ते काठी टेकत फाटकापाशी गेले आणि बिजागऱ्यांना ते तांबडं तेल थेंब थेंब घातलं. फाटक कुरकुरायचं थांबलं. मी आतून पाहत होतो.

पुढच्या भाऊबीजेला टॅक्सी केली. बाबा मागच्या सीटवर बसून आले, सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत. आत्यानं ओवाळताना विचारलं, "तू चालवत आणणार होतास नव्हं रे?" बाबा म्हणाले, "नाही अक्का. माझ्या पायाचा भरवसा नाही राहिला." आणि माझ्याकडे पाहून हसले, माझी काळजी कमी व्हावी म्हणून. आत्यानं मलाही ओवाळलं. मी मान खाली घालून ओवाळून घेतलं.

पुढे मी स्वतःची छोटी गाडी घेतली. बाबा शेजारी बसायचे. समोर कुणी आडवं आलं की त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेवर दाबला जायचा — माझ्या पायाच्या आधी, दर वेळी. मग ते चोरून माझ्याकडे बघायचे आणि पाय मागे घ्यायचे. ते गेले तोवर हे असंच चाललं.

त्यांचा पाय चुकला नव्हता. एक डबा तेल कमी होतं, आणि ते मला ठाऊक होतं.