प्रवासाची रंगीत तालीम

सुनेनं सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका अनोळखी बाईंचं सामान मोजत होते. लग्न अजून ठरायचं होतं. ती भेटायला म्हणून बसने आली होती आणि ते तिला घ्यायला स्टँडवर आले होते.

"किती नग आहेत तुमचे?" ते त्या बाईंना विचारत होते.

"पाच असतील."

"असतील काय? मोजा. मला तर चारच दिसतायत."

पाचवी पिशवी पाण्याच्या टाकीशी सापडली. मगच त्यांनी वळून होणाऱ्या सुनेकडे पाहिलं. "या. तुमचे किती?"

"एकच," ती म्हणाली आणि खुदकन हसली. ह्या घरात आपलं जमेल, असं तिला तिथेच वाटून गेलं.

त्याच स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची सव्वीस वर्षं गेली. निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांना सगळे चौकशीकाकाच म्हणत. काचेमागून इतकी माणसं पाहिल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं होतं : गर्दीनं माणूस हैराण होत नाही, आयत्या वेळच्या शोधाशोधीनं होतो.

यंदा सुट्ट्या लागायला तीन आठवडे असताना त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "आक्काला घेऊन धाकटीकडे जायचं. सगळ्यांनी."

आक्का ही त्यांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, राहायला ह्यांच्याच घरी. धाकटी बहीण नऊ तासांवरच्या गावात. तिला आता उंबरठ्याबाहेर पडवत नव्हतं. दोघींची सहा वर्षांत भेट नव्हती. सहा वर्षांपूर्वी आक्का एकट्या निघाल्या होत्या, त्या अशाच सुट्टीच्या गर्दीत. बसच्या उंच पायरीशी त्या अडखळल्या, मागच्यांनी त्यांना बाजूला सारलं, आणि त्यांची आधीच वर चढवलेली बॅग घेऊन बस निघून गेली. चौकशीची खिडकी तिथून पन्नास पावलांवर. भाऊ काचेमागे बसून भलत्याच कोणाला गाडीची वेळ सांगत होता. बॅग दुसऱ्या दिवशी परत आली, पण आक्कांचा गेलेला धीर काही परत आला नाही.

"मी नाही यायची," आक्का म्हणाल्या. "रोज फोनवर बोलतो आम्ही."

"आणि फोन ठेवल्यावर डोळे कोण पुसतं?" सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौकशीकाका टेप घेऊन स्टँडवर गेले. बसच्या पहिल्या पायरीची उंची मोजून आणली आणि सुताराकडून नेमका तेवढाच उंच ठोकळा करून घेतला. रोज सकाळी आक्कांनी दाराची चौकट धरून त्यावर दहा वेळा चढायचं आणि उतरायचं.

"बाळ, परीक्षा कधी आहे ते तरी सांग," आक्का धापा टाकत म्हणत. "नापास झाले तर वर्ष वाया जायचं माझं!"

तिकिटं त्यांनी खरी गर्दी उसळायच्या दोन दिवस आधीची काढली, तीही सकाळच्या पहिल्या बसची. औषधं मोठ्या बॅगेत नाहीत, हातातल्या पिशवीत. आणि ज्याची बॅग त्यानं ती उचलून दोन जिने उतरून दाखवायची, तरच ती न्यायची. मुलगा पहिल्याच जिन्यावर टेकला.

"बाबा, चाकं आहेत हो तिला."

"चाकं जिना उतरत नाहीत."

बॅगेतून तीन शर्ट आणि एक जाड ब्लँकेट मुकाट्यानं बाहेर आलं.

रविवारी रंगीत तालीम झाली. हॉलमध्ये दोन-दोन खुर्च्या मांडल्या, ठोकळा दाराशी ठेवला. कोणी आधी चढायचं, कोणी बॅगा द्यायच्या, कोणी नग मोजायचे, सगळं ठरलं. काका घड्याळ घेऊन बाहेर उभे. समोरच्या गॅलरीतून शेजारीण ओरडली, "काका, गाडी कुठवर जाणार?"

"स्वयंपाकघरापर्यंत! मध्ये थांबणार नाही."

तरीही निघायच्या दिवशी स्टँडवर मुंगी शिरायला जागा नव्हती. बस लागली. आक्कांनी दांडा धरला, पाय उचलला आणि एका दमात वर. मुलानं बॅगा चढवल्या. सुनेनं मोजल्या : चार. मग माणसं मोजली : तीन.

काका खाली होते. चौकशीच्या खिडकीत कोणी नव्हतं, आणि एका माणसानं सहज विचारलं होतं, "काका, दहाची गाडी कुठे लागते?" त्यांनी सांगितलं. लगेच दुसऱ्यानं विचारलं. बघता बघता भोवती कडं झालं आणि सव्वीस वर्षांची जीभ सुरू झाली. इकडे बसही सुरू झाली.

सून उठेपर्यंत आक्का दाराशी पोचल्या होत्या.

"आजी, आत बसा. दार लावायचंय," कंडक्टर म्हणाला.

"माझा भाऊ खाली आहे."

"गाडी थांबत नाही कोणासाठी."

"नाही ना? ठाऊक आहे मला ते!" म्हणत आक्का दांडा धरून सरळ खाली उतरल्या, दाराला खेटून उभ्या राहिल्या आणि सगळा स्टँड वळून बघेल अशा आवाजात ओरडल्या, "बाळ! पुरे झाली समाजसेवा! बस निघाली!"

काका धावत आले. आक्का पुन्हा वर चढल्या, त्यांच्या मागोमाग काका. बसमधल्या एकूण एक प्रवाशानं टाळ्या वाजवल्या.

"मी आज दोनदा चढले," सीटवर बसता बसता आक्का म्हणाल्या. "तालमीत सगळ्यांना कामं वाटलीस आणि स्वतः बाहेर उभा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

काकांनी बॅगा पुन्हा एकदा मोजल्या. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मागच्या वेळी मी खिडकी सोडून उठलो नव्हतो, आक्का."

"माहीत आहे. आज मी उठवलं ना? मग झालं तर."

संध्याकाळी धाकटी दारात खुर्ची टाकून बसली होती. आक्कांनी तिचा हात धरला तो जेवायला बसेपर्यंत सोडला नाही.

चौकशीकाका आता त्रेसष्ट वर्षांचे आहेत. सुट्ट्या जवळ आल्या की गल्लीतली माणसं प्रवासाचं विचारायला त्यांच्याकडे येतात. फक्त दुपारी दोन ते चार ते झोपतात, तेव्हा कोणी बेल वाजवत नाही.