नाक्यावरचं काहून

गोजरबाई पिंपळवाडीत नांदायला आली त्याच दिवशी सासूनं सांगितलं, "उंबऱ्यात उजवं पाऊल टाक." गोजरबाईनं विचारलं, "काहून?" झालं! का ते सासूला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, म्हणून सून उलट बोलणारी आहे असं तिनं तिथंच ठरवून टाकलं.

तसं बघाल तर गोजरबाई उलट बोलणारी मुळीच नव्हती. भांडण तिला जमायचं नाही, आवाज चढवला तर स्वतःच घाबरायची. फक्त कुणी काही सांगितलं की तोंडातून आधी काहून निघायचं, आणि मग बाई ते काम निमूट करायची. उजवं पाऊलही तिनं टाकलंच की. पण लोक केलेलं काम बघत नाहीत, बोललेला शब्द धरून बसतात. गावानं तिला काहूनबाई नाव पाडलं, आणि ती त्यालाही ओ देऊ लागली.

एका बाबतीत मात्र तिनं जन्मात काहून विचारलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणजे नसतं. नवरा सटवाजी. म्हणून तिनं सटवाई हा शब्दही टाकला आणि लेकरांच्या पाचवीला 'पाचवीची माय' म्हणून पूजा उरकली. सटवाई रागावली नसावी, कारण लेकरं चांगली धडधाकट निघाली.

मळ्यात वांगी, मेथी व्हायची. ती घेऊन गोजरबाई आखाडा बाळापूरच्या बाजाराला निघायची, आणि जोडीला फातिमाबी. फातिमाबी बांगड्यावाली. गोजरबाईच्या लग्नातला चुडा तिनंच भरलेला. रस्ताभर फातिमाबीनं बोलायचं आणि गोजरबाईनं काहून विचारायचं, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं होतं. कंटाळा दोघींनाही आला नाही.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात इंग्रज गेला म्हणून तिकडं वऱ्हाडात पेढे वाटले. इकडं निजामसरकार होतं तिथंच होतं. सटवाजीनं चार गडी जमवून सरकारला दारूचं उत्पन्न देणारी शिंदीची झाडं तोडली, झेंडा लावला आणि पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात जाऊन बसला. कुणी विचारलं तर 'मामाकडं गेलाय' म्हणायचं. त्या साली पिंपळवाडीतल्या निम्म्या तरण्या गड्यांना मामाचा भारी लळा लागला होता.

मग बाळापूरच्या वाटेवर, ओढ्यापाशी, पोलिसांचा नाका बसला. येईल-जाईल त्याला उभं करायचं आणि विचारायचं : नाव काय, गाव कोणतं, बाईमाणूस असेल तर नवऱ्याचं नाव काय. चोरी झालेली नव्हती, मारामारी झालेली नव्हती, विचारणाऱ्याचा समोरच्यावर काडीचा संशय नव्हता. सरसकट सगळ्यांना चाळायचं आणि चाळणीत काय राहतं ते बघायचं. हवे होते ते नदीपलीकडं गेलेल्यांचे घरवाले. शेजारच्या वाडीतल्या मनकर्णेनं भोळेपणानं नवऱ्याचं नाव उखाण्यात घेऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या घराची झडती झाली, दावणीचे बैल गेले, आणि नवरा लेकराला बघायला म्हणून आला तो अंगणातच धरला गेला.

गोजरबाईला हे सगळं माहीत होतं. सटवाजीचं नाव नाक्यावर निघालं की बैलही जाणार आणि तोही. पण बाजाराला न जाऊन सांगता कुणाला? वांगी झाडावर थांबत नाहीत आणि लेकरांची पोटंही थांबत नाहीत. वाटेत फातिमाबीनं तिला एक खोटं नाव पढवलं. गोजरबाईनं ते घोकलं, घोकत घोकत ओढा गाठला.

नाक्यावर लतीफ नावाचा जवान होता. बिदरकडून नवाच आलेला, मराठी त्याला चार शब्दांपुरती यायची.

"नाम बोल. शौहर का नाम बोल."

डोक्यावर पाटी, दातांत पदराचं टोक, समोरून वारा. घोकलेलं नाव ऐनवेळी कुठं पळालं कुणास ठाऊक! तोंडातून निघालं ते जन्माच्या सवयीचं.

"काहून?"

लतीफला ऐकू आलं, "कानून?"

लतीफ चपापला. या नाक्यावर लोक त्याच्या पाया पडले होते, पाठीमागून शिव्या देऊन गेले होते, एका म्हातारीनं तर त्याच्या लग्नाचंही विचारलं होतं. कानून अजून कुणी विचारला नव्हता.

"क्या बोली?"

"काहून?" गोजरबाई पुन्हा म्हणाली.

"कौनसा कानून?"

आपलंच बोलणं हा आपल्याला परत विचारतोय, एवढं तिला कळलं. ती म्हणाली, "तेच तर इचारून राहिले."

लतीफ फातिमाबीकडं वळला. "अम्मा, तुम बोलो. इसके घरवाले का नाम क्या है?"

फातिमाबीला सटवाजीचं नावच काय, त्याच्या आजोबाचंही ठाऊक होतं. ती बांगड्यांची पाटी सावरत म्हणाली, "मेरेकू क्या मालूम बाबा? वो कानून पूछरी, पहले उसकू जवाब देव."

लतीफ लिंबाखाली बाजेवर पडलेल्या अमीनसाहेबाकडं गेला. अमीन म्हणजे नाक्यावरचा मोठा साहेब. पेन्शन तोंडावर आलेली, आणि ती हातात पडेपर्यंत जगात काही घडू नये एवढीच त्याची इच्छा होती. भाजीवाली बाई कानून विचारते म्हटल्यावर तो उठून बसला. भाजीवालीला कानून कुठून येणार? मागं कुणी वकील असणार!

"लतीफ, हम नाम किस कानून से पूछते?"

"हुजूर, आपने पूछने को बोला."

"और मैंने किस कानून से बोला?"

लतीफनं ओढ्याकडं बघितलं. ओढ्यालाही माहीत नव्हतं. अमीनसाहेबानं बराच विचार केला, आणि हैदराबादेला विचारून घेऊ असं ठरवलं. उत्तर येईपर्यंत त्या बाईला काही विचारू नये, तिच्या सोबतीणीलाही नको.

पुढं गेल्यावर फातिमाबीला असं हसू फुटलं की बांगड्यांची पाटी खाली ठेवावी लागली. तिनं सगळा उलगडा केला. गोजरबाईनं विचारलं, "पर कानून म्हंजी काय?"

फातिमाबीनं थोडा विचार केला. "अगे, सरकारला काहून इचारलं, का सरकारनं जे दाखवायचं असतं ना, ते."

"मंग दाखवलं का न्हाई त्यानं?"

"असंल तर दाखवंल ना!"

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. जिनं आयुष्यभर त्या शब्दापायी सुनेला टोमणे मारले, ती सासूच आता घराबाहेर पडणाऱ्या बायांना ओट्यावर उभं करून तो घोकून घ्यायला लागली, "पदर दातात धरून म्हणा, नीट नाकातून येऊ द्या." हैदराबादेहून उत्तर आलं नाही. पुढच्या भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि ज्या सरकारला विचारलं होतं तेच राहिलं नाही.

सटवाजी मामाकडून परत आला. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात हार, गावात मिरवणूक. गोजरबाईनं पायावर पाणी घातलं आणि मागं जाऊन पोटभर रडली. लतीफ कुठं गेला हे गोजरबाईशिवाय गावात कुणी विचारलं नाही.

आणि नाका? नाका होता तिथंच. तोच लिंब, तीच बाज, जवान तेवढा बदलला. नवा जवान यवतमाळकडचा, मराठी बोलणारा. गोजरबाईला ऐकून बरं वाटलं. आता आपलं बोलणं समजणारा माणूस आला, असं ती फातिमाबीला म्हणाली. रस्ताभर बोलणारी फातिमाबी फौज आल्यापासून फारसं बोलतच नसे; मुसलमान दिसला की लोक आता रझाकार म्हणूनच बघत.

बाजाराच्या दिवशी तिघं मिळून निघाले. नाक्यावर जवानानं सटवाजीची टोपी बघितली आणि हात जोडले. गोजरबाईला हातानंच "जा" केलं. मग फातिमाबीला म्हणाला, "तू थांब. नाव काय तुह्यं? नवऱ्याचं काय? नवरा कुठी हाय? पोरं कुठी हायत?"

फातिमाबीनं सगळं सांगितलं, खाली बघत. नवरा कबरीत होता, तेही सांगितलं. जवानानं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, "पाटलाची चिठ्ठी मागव, हे खरं हाय म्हणून. तवर बस इथं."

"काहून?" गोजरबाईनं विचारलं.

या जवानाला बरोबर ऐकू आलं. काहूनच ऐकू आलं.

"काहून म्हंजे? म्या म्हनलं म्हून! तू कोन व्हय इचारनारी? तुह्यं नाव सांग आधी!"

गोजरबाईनं तोंड उघडायच्या आत सटवाजी लगबगीनं पुढं झाला. "साहेब, घरची मंडळी हाय माझी. गोजरबाई. गोजरबाई सटवाजी, ऱ्हाणार पिंपळवाडी. तिला बोलायची सवय हाय, तुमी मनावर घेऊ नका."

अरे वा रे गड्या! वर्षभर त्या बाईनं जीव मुठीत धरून याचं नाव ओठाआड ठेवलं, आणि यानं तिचं नाव भर रस्त्यात, कुणी हात उगारायच्या आतच टाकून दिलं, आणि वर माफीही मागितली! चारचौघांत बायकोचं नाव न घेणारा गडी तो.

"चल आता," सटवाजी म्हणाला. "काहून जीव घाबरा करून घेतीस? आता आपलंच राज हाय."

"मंग काहून इचारून राहिले?"

सटवाजीनं कॅम्पात भाषणं केली होती, पण या विषयावर केलेलं नव्हतं. तो टोपी नीट करत बाजाराकडं चालू लागला. गोजरबाईनं पाटी उतरवली आणि फातिमाबीशेजारी, उन्हात, मातीतच बसकण मारली. वांगी सुकली, मेथीनं मान टाकली. बाजाराला गेलेली माणसं परत फिरली तरी दोघी तिथंच.

येणाराजाणारा थांबून बघायला लागला तसा जवान वैतागला. "ए बाई, तू कायले बसली? तुह्यं नाव झालं ना सांगून! जा घरी."

"त्यायनं सांगितलं," गोजरबाई म्हणाली. "म्या कुठं सांगितलं?"

ऊन कलल्यावर तो फातिमाबीला म्हणाला, "जा." अडवलं कशासाठी हे त्यानं सांगितलं नाही, सोडलं कशासाठी हेही नाही. फातिमाबी गोजरबाईचा हात धरून ओढत होती, आणि गोजरबाईनं जागचं न हलता त्याला दोन्ही विचारलं.