तळं उचलून ठेवलं

आमचं मेहरूणचं घर बांधलं जात होतं, तेव्हा गवंड्याने मला एकच प्रश्न विचारला होता. "वहिनी, स्वयंपाकघराची खिडकी कुठं काढू?" तेव्हाची मी म्हणजे एक नगच. डोक्यावर पदर, पायाच्या अंगठ्याने रेती उकरत म्हणाले, "जाऊबाई म्हणतील तिथं." बावळट कुठली! मेहरूणचं तळं एका अंगाला, आणि मोठ्या जाऊबाईंनी खिडकी काढायला लावली दुसऱ्या अंगाला, त्यांच्या घरासमोर. त्यातून दिसायचं काय, तर त्यांची मोरी. पुढे जाऊबाई मुलाकडे धुळ्याला राहायला गेल्या, मोरी राहिली. आयुष्यभराच्या भाकरी मी त्या मोरीकडे बघत थापल्या.

यंदा नातीने टॅबवर घर बांधायचा गेम घालून दिला. "आजी, यात कोणी हरत नाही, घाई नाही. मनाला येईल ते बांध."

"गवंडी कोण?"

"तूच."

झालं! आधी स्वयंपाकघर बांधलं. त्याला भिंतभर खिडकी, आणि खिडकीबाहेर लगेच तळं. मग बाकीचं सुचेल तसं. झोपाळे चार, गच्च्या दोन, आणि कुठेच न जाणारा एक जिना. आमच्या ह्यांनी विचारलं, "हा जिना कशाला?" म्हटलं, "बसायला."

ह्यांच्या पोटात काही राहत नाही. लगेच धुळ्याला फोन. "गेममधलं शे ते माले समजस," जाऊबाई म्हणाल्या, "पन घर बांधं नि जेवन नही?" आणि रविवारच्या बसने हजर! हातात भिंतीवरचं घड्याळ, नव्या घराला आहेर म्हणून.

मग काय, वास्तुशांतच. टॅब चौरंगावर. ह्यांनी नारळ फोडला, पाणी टॅबवर उडालं, नात किंचाळली. शेजारपाजारचे वाकून वाकून घर बघून गेले. भरीत-पुरी खाता खाता एकाने विचारलं, "बोअरला पाणी लागलं का?" म्हटलं, "भरपूर."

"बठ्ठं घर दखाड," जाऊबाई म्हणाल्या. सगळं दाखवलं. झोपाळे, जिना नुसते बघून पुढे गेल्या. स्वयंपाकघराशी मात्र थबकल्या. "एवढी मोठी खिडकी कशाले? बाईनं ध्यान तव्यावर जोयजे." आणि बोट दाबलंच. खिडकीच्या जागी भिंत उभी!

ती रेती उकरणारी माझ्या घशापर्यंत आली होती, 'बरं बाई' म्हणायला. तेवढ्यात नात कानाशी कुजबुजली, "आजी, तो वळलेला बाण दाब." दाबला. भिंत गायब, खिडकी परत. असा बाण असतो हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं!

जाऊबाईंनी पुन्हा भिंत घातली. मी बाण दाबला. भिंत, खिडकी, भिंत, खिडकी. पुऱ्या चामट झाल्या.

"अगं, हा गेम मन शांत करायला असतो!" नात ओरडली.

"आम्ही शांतच शेत," दोघी एकदम म्हणालो.

शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "माले बी एक घर दे." नातीने दिलं. हात भलताच लवकर बसला बाईंचा. पण घर कुठे बांधावं? माझ्या खिडकीसमोर, तळ्याच्या काठावर, तीन मजली! माझ्यासमोर पुन्हा त्यांचीच भिंत.

मी तळ्यावर बोट दाबून धरलं, तळं उचललं, बदकांसकट, आणि घराच्या मागच्या अंगाला नेऊन ठेवलं. खिडकीही तिकडे नेली. पुढची जागा मोकळी झाली. तिथे, बरोबर जाऊबाईंच्या चुलीसमोर, मी एक मोरी बांधली. लाद्या बसवल्या, वर बादली ठेवली.

जाऊबाईंनी चष्मा पुसला. "हाई काय शे?"

"मोरी, बाई."

त्या उठल्या, आहेराचं घड्याळ उचललं आणि पुन्हा पिशवीत घातलं.

"हाई मना नव्या घरले ऱ्हाऊ दे."