सूंस आणि माझा जास्तीचा ‘र’

माझी नोकरी वाचवली ती कोठीवाल्या काकांनी. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना मी घाबरून भलतंच सांगत बसतो.

कचेरीच्या सामानाच्या कोठीच्या दारात उभे राहून ते जिभेने ‘टक्’ करायचे, मान कलती करून ऐकायचे आणि अंधारात सरळ आत जायचे. मोकळ्या भिंतीचा टक् वेगळा, कपाटाचा वेगळा, म्हणे. मी मागोमाग गेलो की गुडघा फुटायचा. आतून ते ओरडायचे, “आवाज लावा हो, आवाज लावा!” पहिल्या दिवशी मला वाटलं, गायला सांगताहेत. मी सा लावला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. ग्वाल्हेरच्या मराठीत आवाज लावणे म्हणजे हाक मारणे, हे मला मागून कळलं. असा माणूस तुमच्याही कचेरीत एखादा असेल, बघा आठवून.

मी दापोलीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला, मामांच्या ओळखीने नकलनवीस म्हणून चिकटलेला. ग्वाल्हेरला दौलतगंजात खोली होती. संस्थान विलीन झालंच होतं, आता मध्यभारतही मोडून कारभार भोपाळला चालला होता. कचेरीत एकच विषय: कोणाला ठेवणार, कोणाला काढणार. आमच्या खात्यात कोणीतरी हौसेने जमवलेली हाडं, शिंगं, कवट्या होत्या. त्यांची नवी यादी मी लिहिली.

जुन्या यादीत एका कवटीपुढे ‘सूंस’ होतं. हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. विचारावं, तर माझी सातवी उघडी पडणार. लिहिणाऱ्याचा ‘र’ राहिला असेल असं ठरवून मी तिची सुसर केली. आणि नवे साहेब हिंदीवाले, म्हणून वळणदार अक्षरात ‘मगर’ लिहिलं.

यादी भोपाळला गेल्यावर काकांनी माझी प्रत पाहिली आणि कपाळावर हात मारला.

“अहो, सूंस! चंबळेतली! तुमच्या समुद्रात डॉल्फिन उड्या मारतात ना, त्यांची बहीण. विचारलं का नाही?”

“काका, मला काढतील.”

“आधी हिला नीट बघून घ्या, मग रडा.” त्यांनी लांब चोचीची कवटी माझ्या हातात दिली. “डोळ्याची जागा शोधा. नाहीच जवळजवळ. पुराच्या पाण्यात डोळा काय कामाचा? ही टक् टक् करते. आवाज मासळीला धडकून परत येतो. लवकर आला तर मासळी जवळ, उशिरा आला तर दूर. वटवाघूळ हवेत करतं, तेच.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“निम्मं चंबळेच्या मल्लाहांनी, होड्या चालवणाऱ्यांनी. निम्मं या अंधाऱ्या कोठीने.”

आठवड्याने साहेब तपासणीला आले. “मगर कहाँ है? किसने बेच दी?”

काका बोलू शकले असते. त्यांनी मला फक्त कोपर मारलं. “आवाज लावा.”

मी कसंबसं सगळं सांगितलं.

“पर यह ‘र’ आया कहाँ से?”

“मेरे घर से, साहेब.”

साहेब हसले. मी कवटी उचलली आणि काकांनी सांगितलं ते तसंच सांगत गेलो. ऐकता ऐकता साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःच जिभेने टक् करून पाहिलं. मग त्यांनी ‘मगर’ खोडून स्वतःच्या हाताने ‘सूंस’ लिहिलं. “अगली बार पूछ लेना,” एवढंच म्हणाले.

नव्या नेमणुकांत माझं नाव आलं. कोठीवाला ही जागाच नव्या खात्यात नव्हती. “आमच्या नावाचा खानाच नाही त्यांच्या कागदात,” काका हसून म्हणाले. मुलीकडे जबलपूरला निघाले तेव्हा टांग्यातून वाकून विचारलं, “समुद्रात त्या डॉल्फिन कळपाने उड्या मारतात म्हणता, खरं ना?” त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. “एकदा दाखवतो तुम्हाला,” मी म्हणालो.

परवा एका मासिकात वाचलं: डॉल्फिन आणि दातवाले देवमासे असेच आवाज सोडून पाणी चाचपतात, परत आलेला आवाज खालच्या जबड्यातून कानाला पोचतो. कात्रण जबलपूरला पाठवलं आणि खाली लिहिलं:

“काका, इतकी वर्षं ‘समुद्र दाखवतो’ असं नुसतं म्हणत राहिलो. या थंडीत तुम्हाला न्यायला येतो. दापोलीकडे माझ्या दादाची होडी आहे. तुम्हाला अगदी पुढे बसवीन, आणि कळप वर येईपर्यंत होडी वळवणार नाही.”