जानकीताई समुद्रात उतरली तेव्हा

माझी थोरली बहीण जानकी दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले. मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी कॅलिपर, काखेत कुबड्या. अशीच ती मालाडहून दोन बस बदलून साकीनाक्याला जायची. तिथे पंपांच्या एका कारखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. तिचा गोड आवाज ऐकून एखादा व्यापारी काहीतरी निमित्त काढून यायचा आणि कुबड्या बघून गडबडायचा. ताईला याची गंमत वाटायची. मला नाही वाटायची.

चौऱ्याऐंशी साली कुबड्यांमुळे तिचे खांदे आखडले. डॉक्टर म्हणाले, पोहायला जा. अंधेरीला एक तरणतलाव होता, तिथे मी तिला घेऊन गेले. मॅनेजर म्हणाला, "काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," ताई म्हणाली. "कागद द्या, लिहून देते."

तिथेच आम्हाला जयवंतकाका भेटले. मालवणचे, साठीला आलेले. सगळी नोकरी त्यांनी गोदीत पाणबुड्याची केली होती. पाठीला हवेची टाकी बांधून बोटींचे तळ तपासायचे. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी ते हौशी मंडळींना स्कूबा, म्हणजे तशीच टाकी लावून पाण्याखाली पोहणं, शिकवत. स्कूबा हा शब्दही आम्ही तोवर ऐकला नव्हता. चार रविवार त्यांनी ताईला पोहताना पाहिलं. पाचव्या रविवारी ती काठावर बसून कॅलिपरचे पट्टे सोडत होती, तेव्हा ते जवळ आले.

"खाली येतंस?"

"काका, मला चालता येत नाही."

"पाण्यात कोण चालता गो?" काका म्हणाले.

नळी तोंडात धरून ती पहिल्यांदा खाली गेली आणि दहा सेकंदांत वर आली. खोकत, रडत. "वाट लागली गं माझी, शुभा," म्हणाली. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण पुढच्या रविवारी माझा चहा व्हायच्या आधी ती कुबड्या घेऊन दारात उभी.

खरी अडचण पायांची होती. बारीक झालेले तिचे पाय वर तरंगायचे आणि डोकं खाली जायचं. मग काकांनी शिशाचे तुकडे आणले, मी जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि त्या आम्ही तिच्या घोट्यांना बांधल्या. पुढे सरकायचं सगळं काम हातांचं. ते हात आयुष्यभर कुबड्यांवर तयार झालेले. तलावाच्या तळाशी ती सहज गिरकी घ्यायची आणि मी काठावरून बघत राहायचे. बाहेर नुसतं मागे वळायला तिला किती वेळ लागायचा, ते मला ठाऊक होतं.

वर्षभराने काका म्हणाले, आता समुद्र. आईने घर डोक्यावर घेतलं. "धडधाकट माणसं बुडतात तिथे!"

"आई, गावी गेल्यावर तुम्ही सगळे पाण्यात आणि मी वाळूत," ताई म्हणाली. "किती वर्षं?"

निघताना आईनेच डब्यात लाडू भरून दिले.

पंच्याऐंशीचा डिसेंबर होता. मालवणच्या किनाऱ्यावर काकांचा चुलतभाऊ सीताराम होडी घेऊन आला आणि ताईला उचलायला वाकला.

"थांबा. आधी विचारा मला."

तो ओशाळला. "उचलू काय गो?"

"उचला," म्हणत ताईने त्याच्या गळ्यात हात टाकला.

पहिल्या दिवशी पाणी इतकं गढूळ, की काकांनी होडी परत वळवली. दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं. दोघं खाली गेली. होडीत मी आणि सीताराम बुडबुड्यांवर नजर लावून बसलो. बुडबुडे एकाएकी दाट झाले आणि पाण्यावर माझी पिशवी तरंगत आली. फाटलेली, रिकामी. माझीच शिवण उसवली होती.

खाली काय झालं ते ताईनेच नंतर सांगितलं. शिसं पडलं, तसा एक पाय वर गेला आणि ती उलटी झाली. काकांनी तिचा खांदा पकडला आणि वर जायची खूण केली. तिने हाताने 'ठीक आहे' म्हटलं आणि समोरचा खडक धरला. डोकं खाली असल्यामुळे तिला खडकाच्या पोटाखालचं दिसलं. केशरी, जांभळं, श्वास घेतल्यासारखं हलणारं काहीतरी, आणि दोन पट्टेरी मासे तिच्याकडे बघत स्थिर. काकांना तिने ओढून दाखवलं. तेही उलटे होऊन बघत राहिले.

वर आल्यावर मी रडतच माफी मागितली. ती हसत सुटली. "वेडी आहेस का गं? झकास झालं ना!"

परतल्यावर ताई पुन्हा तलावाच्या मॅनेजरकडे गेली आणि पाय अधू असलेल्यांसाठी बुधवारची संध्याकाळ मागून घेतली. देवनारहून एक पाय गमावलेले दशरथ यायचे, मुलुंडहून अनुपमा नावाची शिक्षिका यायची, तिलाही पोलिओच. काका टाकी बांधायचे, ताई धीर द्यायची. पायऱ्यांशेजारी उतार बांधून घ्यायला तिने सहा महिने अर्ज केले, आणि तो झाला. काका गावी परतले तरी तो बुधवार चालू होता, तलाव बंद होईपर्यंत. आता तिथे उंच इमारत आहे. ताई समुद्रात आणखी दोनदाच उतरली, पण पाण्याखालचं सांगणारं अनुपमाचं पत्र आलं की आजही ते आधी तिलाच वाचायला लागतं, मोठ्याने.