पुरुषोत्तमकाकांचं तत्त्व आणि लोरेटाचं तिकीट

अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या आमच्या मराठी मंडळात पुरुषोत्तमकाकांइतका जुगाराचा वैरी दुसरा नाही. संक्रांतीच्या हाऊझीला एक डॉलरचं तिकीट लावू या, असं कुणीतरी सुचवलं, तर काकांनी जागच्या जागी कमिटीचा राजीनामा पुढे केला. तेव्हापासून हाऊझी फुकट आणि बक्षीस स्टीलचा डबा. "माझ्या घरात जुगाराचा एक पैसा शिरलेला नाही," हे ते दर सणाला ऐकवतात.

शिरला होता की, चांगली चार वर्षं! त्यांची थोरली मुलगी अदिती कॉलेजला होप स्कॉलरशिपवर शिकली आणि ती स्कॉलरशिप आमच्या जॉर्जिया राज्याच्या सरकारी लॉटरीतून येते. काकांना हे माहीत होतं. आम्ही कधी काढलं नाही, कारण आमचीही पोरं त्याच पैशावर शिकली. सगळे एकाच माळेचे मणी.

लॉटरीची मक्तेदारी सरकारची. आता खासगी सट्टा अ‍ॅप्सनाही लायसन्स द्यायचं घाटत होतं. लोक अ‍ॅपकडे वळले तर लॉटरी आटेल, मग होपही आटेल, असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. काकांची धाकटी अबोली अकरावीत. काकांची झोपच उडाली.

या लायसन्सवर विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी होती; अटलांटाला मीच त्यांना घेऊन गेलो. अबोलीही आली. टाय लावून काका बोलायला उभे राहिले. "सट्टा समाज पोखरतो" इथून सुरुवात झाली आणि "म्हणून आपली सरकारी लॉटरीच सांभाळा" इथे गाडी थांबली.

"तुम्ही स्वतः तिकीट घेता?" समितीतल्या एका बाईंनी विचारलं.

"मी? छे! कधीच नाही!" काका दुखावल्या आवाजात म्हणाले. सभागृहात हशा पिकला. काकांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

परतताना पेट्रोल भरायला घराजवळच्या गॅस स्टेशनवर थांबलो. आतल्या दुकानात दूध घ्यायला लोरेटा आली होती. ती अबोलीच्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करते आणि इथे दर शुक्रवारी लॉटरीची तिकिटं घ्यायची. काका दोन वर्षं तिला गाठून उपदेश करत होते, की हे गणित तुमच्या विरुद्ध आहे, हे पैसे बँकेत टाका.

"मिस्टर पी!" ती खुशीत म्हणाली. "ऐकलं मी तुमचं. दोन महिने एकही तिकीट घेतलं नाही. नातवाच्या कॉलेजसाठी खातं उघडलंय."

आयुष्यभराच्या कीर्तनात काकांना पहिला भक्त मिळाला होता आणि त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं.

"अहो, पण एकदम कशाला बंद करायचं?" ते चाचरत म्हणाले. "थोडं... करमणूक म्हणून. शेवटी पैसा शिक्षणालाच जातो ना."

"कुणाच्या?"

काका टायची गाठ सैल करू लागले. मला त्यांची चीड आली, आणि मीही गप्प होतो म्हणून स्वतःची जास्त.

"माझ्या," अबोली म्हणाली.

लोरेटाने तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "तिकिटाची रांग तिथून सुरू होते, मिस्टर पी," ती म्हणाली आणि दूध उचलून निघून गेली.

आम्ही गाडीत बसून निघालो.

"बाबा, शी लिसन्ड टू यू," अबोली म्हणाली. "मग तुम्ही हॅपी का नाही?"

"सीटबेल्ट लाव," काका म्हणाले.

तो तिने केव्हाच लावला होता.